विहीणबाईंना कळणारा शब्द

आमच्या चर्चमध्ये देवाशी काय बोलायचं हे गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला ठरतं.

रविवारच्या उपासनेत मध्यस्थीची प्रार्थना असते. म्हणजे स्वतःसाठी काही न मागता दुसऱ्यांसाठी मागायचं. ही प्रार्थना आधी कागदावर लिहून समितीपुढे ठेवावी लागते. समिती ती वाचते, दुरुस्त करते, अध्यक्ष तिच्यावर सही करतात, आणि मग ती पुढे देवाकडे जाते. काही लोक म्हणतात, देवाला आधीपासूनच सगळं ठाऊक असतं. असेल. समितीला नसतं.

हा नियम उगाच झालेला नाही. काही वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी सुचेल तशी प्रार्थना केली. ती सत्तेचाळीस मिनिटं चालली. सुरुवात जगाच्या शांतीने झाली आणि शेवट वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाच्या गळक्या न्हाणीघराने. वरच्या मजल्यावरचे तेव्हा समोरच, दुसऱ्या बाकावर बसले होते. त्यानंतर ठराव झाला: कागदावर आहे ते सगळं वाचायचं, कागदावर नाही ते काहीही वाचायचं नाही.

ठराव मांडला होता अध्यक्षांनी. त्यांना सगळे सावधकाका म्हणतात, तोंडावरसुद्धा, आणि त्यांना तो मान वाटतो. आगीचा विमा उतरवणाऱ्या कंपनीत त्यांनी छत्तीस वर्षं काढली. कुठल्याही खोलीत शिरले की आधी बाहेर पडायचं दार कुठे आहे ते बघतात. लग्नाला गेले की नवऱ्यामुलीकडे नंतर, आधी मंडपातल्या वायरींकडे. कागदाच्या बाबतीत त्यांचा एक पक्का शिरस्ता आहे. शब्द काढायचा तर त्यावर एकच सरळ रेघ मारायची, खालचा शब्द स्वच्छ वाचता आला पाहिजे. शेजारी कारण लिहायचं. कारणाखाली आद्याक्षरं.

"उद्या कोणी विचारलं, कोणी काढलं, का काढलं, तर कागदाने तोंड उघडलं पाहिजे," ते म्हणतात.

स्वच्छ प्रतीवर ते सही करत नाहीत. कागद स्वच्छ दिसला की त्यांना वाटतं, काहीतरी लपवलंय. त्यामुळे वाचणाऱ्याच्या हातात जातो तो रेघा मारलेला, टिपा लिहिलेला, सहीचा कागद. वाचणारा आपला खोडलेलं गाळून वाचतो. ठरावात तसं कुठे लिहिलेलं नाही, पण माणसाला तेवढी अक्कल असते, असं आम्ही धरून चाललो होतो.

मी समितीचा चिटणीस. आयुष्यभर वर्तमानपत्रात लोकांची टिंगल केली, निवृत्त झाल्यावर लोकांनी फिटंफाट केली.

तर त्या गुरुवारी विषय होता एका बाप्तिस्म्याचा. बाळ मुलगी, चार महिन्यांची. आई आमच्याच चर्चमधली, इस्पितळात नर्स. वडील दातांचे डॉक्टर, पॅलेस्टिनी. तिथल्या डोंगरातल्या एका गावातले, पिढ्यान् पिढ्यांचे ख्रिस्ती. इथे शिकायला आले, नर्सबाईंची अक्कलदाढ काढली आणि इथेच राहिले. आता सगळं चर्च त्यांना जावईबापू म्हणतं. चर्चमधल्या एकोणसाठ माणसांपैकी त्रेपन्न जणांची तोंडं त्यांनी आतून बघितली आहेत, त्यामुळे त्यांच्यापुढे कोणी फारसं मोठेपणाने बोलत नाही. आपली भाषा ते दवाखान्यातच शिकले. म्हणून ती सगळी हुकमाची आहे. आ करा. चूळ भरा. हलू नका. सासूबाईंना पहिल्यांदा भेटले तेव्हा घाबरून म्हणाले, "बसा. घाबरू नका. दुखणार नाही."

सासूबाई म्हणजे घोषणाबाई. बसस्थानकावर एकतीस वर्षं माइकवर गाड्यांच्या वेळा सांगितल्या. आवाज असा की ऐकणाऱ्याने आपोआप सामान उचलावं. नोकरीत त्यांचा एकच बाणा होता: समोर आलेला कागद जसा आहे तसा वाचायचा. एकदा कोणीतरी वेळापत्रकाच्या खाली खडूने लिहिलं होतं, हे झालं की चहाला या. बाईंनी तेही वाचलं. दीडेकशे प्रवासी उपाहारगृहाकडे चालू लागले. साहेबांनी खुलासा मागितला तेव्हा बाईंनी लेखी उत्तर दिलं, "कागदावर होते."

आणि आमच्या चर्चची रीत अशी की बाप्तिस्म्याच्या दिवशी मध्यस्थीची प्रार्थना बाळाच्या आजीने वाचायची. आज्या दोन असतील तर दोघींनी मिळून. इथे दुसरी आजी येऊ शकत नव्हती. तिला गावातून निघायला एक परवाना लागतो, त्या परवान्यासाठी दुसरा, आणि दुसरा सात महिने कुणाच्या तरी टेबलावर होता. नवऱ्याने लावलेली जैतुनाची झाडं तिला घराच्या गच्चीवरून दिसतात, पण दोन हंगाम झाले, तिथे जायची वाट बंद. तिची सख्खी बहीण गाझात. घर राहिलेलं नाही. नातवंडांना घेऊन एका चर्चच्या आवारात राहते. फोन कधी लागतो, कधी लागत नाही.

घोषणाबाई आणि या विहीणबाई दर रविवारी फोनवर, एकमेकींना बघत बोलायच्या. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नाही. दोघी बाळासाठी विणत होत्या. एकीने आपलं विणकाम फोनपुढे धरायचं, दुसरीने मान हलवून आपलं धरायचं. अर्धा अर्धा तास हे चाले. जावईबापू मधे पडून अर्थ सांगायला गेले तर दोघी एकदम त्यांना गप्प करायच्या. बाळाला विहीणबाईंचंच नाव ठेवायचं, हेही अशाच एका अबोल बैठकीत ठरलं.

गुरुवारी प्रार्थनेचा कागद जावईबापूंनीच आणला. भाषा त्यांची, शुद्धलेखन सासूबाईंचं. मी मोठ्याने वाचला.

"हे देवा, पॅलेस्टिनी लोकांना न्याय दे आणि शांती दे. ज्यांची घरं पडली त्यांना घर दे. ज्यांचे रस्ते अडवले त्यांना वाट दे. जैतुनाच्या झाडांपाशी झाडांच्या माणसांना जाऊ दे. ज्यांच्या हातात बंदूक आहे त्यांच्या मनातली भीती काढ, त्यांनाही घरी जाऊ दे. आणि दोघांचीही मुलं म्हातारी होऊ देत. आमेन."

हुकमाची भाषा इतकी जागेवर बसलेली मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

सावधकाकांनी पेनाचं टोपण काढलं.

"छान आहे," ते म्हणाले. ते असं म्हणाले की समजावं, आता काही उरत नाही. "फक्त 'पॅलेस्टिनी' हा शब्द तेवढा नको."

"का हो?" घोषणाबाई म्हणाल्या.

"नाव घेतलं की वाद होतो."

"मग लोकांना नुसतंच 'लोक' म्हणायचं?"

"लोकच आहेत ना ते?" काकांनी रेघ मारली, कारण लिहिलं, आद्याक्षरं केली. "आता 'न्याय'. न्याय म्हणजे मोठा विषय. तो पुढच्या सभेत पाहू. 'ज्यांची घरं पडली'... पाहणी झाली आहे का?"

"कसली पाहणी?" जावईबापू.

"नुकसानीची. कोणी जाऊन बघितलंय का, कशाने पडली, किती पडली?"

"माझ्या मावशीने बघितलं," जावईबापू म्हणाले. "ती आत होती."

काका थांबले. पेन हवेत राहिलं. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "देवाची कृपा, ती वाचली," आणि तरीही रेघ मारली. रेघ मात्र वाकडी आली. छत्तीस वर्षांत बहुधा पहिलीच.

पाळकसाहेब नवे आणि वयाने लहान. दोन्ही बाजू त्यांना नेहमीच पटतात, त्यामुळे ते सभेत फार दमतात. त्यांनी घसा साफ केला. "काका, आपण दर रविवारी तिथल्याच गावांची नावं घेतो. जन्म तिथला, नदी तिथली, डोंगर तिथले..."

"ते वेगळं, पाळकसाहेब. ते छापलेलं आहे."

यावर पाळकसाहेबांना उत्तर सुचलं, पण ते शनिवारी.

'रस्ते अडवले' गेलं, कारण कोणी अडवले हे लोक विचारतील. 'बंदूक' गेली, चर्चमध्ये शस्त्र नको म्हणून. तिच्याबरोबर भीतीही गेली आणि घरी जाणंही. झाडांना काकांची हरकत नव्हती. शेवटच्या ओळीपाशी ते बराच वेळ रेंगाळले. मग लिहिलं, 'मुदत फार लांबची, तरी चालेल.'

मी उरलेलं वाचून दाखवलं. "हे देवा, लोकांना शांती दे. जैतुनाच्या झाडांपाशी झाडांच्या माणसांना जाऊ दे. दोघांचीही मुलं म्हातारी होऊ देत. आमेन."

"बघा, कसं सुटसुटीत झालं," काका म्हणाले.

"दोघं कोण?" घोषणाबाईंनी विचारलं. "माळी का?"

पाळकसाहेबांना हसू आलं, त्यांनी ते खोकल्यात घातलं. घोषणाबाई हसल्या नाहीत. त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"भाऊ, ऐका. रविवारी माझ्या विहीणबाई फोनवर असणार. तिकडे आता इंटरनेट मंद झालंय, या खेपेला चित्र येणार नाही, नुसता आवाज. तुमच्या-माझ्या भाषेतलं त्यांना काही कळत नाही. तासाभराच्या उपासनेत त्यांना दोन शब्द कळतील, नातीचं नाव आणि आमेन. तिसरा शब्द हा होता. बातम्यांत ऐकून ऐकून कळतो त्यांना. त्या एकदा जावईबापूंना म्हणाल्या होत्या, आमच्यासाठी प्रार्थना करतात म्हणे सगळीकडे, पण आमचं नाव कोणी घेताना मी ऐकलं नाही. मला त्यांना ते ऐकवायचं होतं. आज्या दोन, त्यातली एक लांब. तिच्या वाटणीचा एक शब्द."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"वहिनी, मला काय वाईट वाटत नाही असं नाही," ते म्हणाले. "पण मागे एकदा नुसत्या पंख्यांवरून वाद झाला आणि दोन घरं चर्च सोडून गेली. ती अजून रस्त्यात भेटतात, तोंड फिरवतात. आपण एकोणसाठ आहोत. मी दर रविवारी मोजतो. मला साठ करायचेत. या बाळाने साठ होतील. आणि त्याच दिवशी कोणी उठून गेलं तर?"

ते खरंच मोजतात. मी त्यांना बोटं हलवताना पाहिलं आहे.

काकांनी सही केली. मी तो कागद निळ्या फाइलमध्ये घातला आणि नियमाप्रमाणे वाचणाऱ्या व्यक्तीच्या, म्हणजे घोषणाबाईंच्या, हातात दिला.

जिन्यात त्या थांबल्या. "एकतीस वर्षांत कागदावर नसलेला शब्द मी माइकवर काढला नाही," त्या म्हणाल्या. "आता म्हातारपणी काढू? नातीच्या बाप्तिस्म्याला?"

"ठराव फार कडक आहे, बाई," मी म्हणालो. "कागदावर आहे ते सगळं वाचायचं."

मी हे सहज म्हणालो. माझा तसा काही हेतू नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग फाइल उघडून जिन्यातल्या दिव्याखाली धरली. बराच वेळ वाचत होत्या. मग फाइल मिटली, काखेत मारली आणि घरी गेल्या. जाताना गुणगुणत होत्या.

रविवारी चर्च भरलं होतं. नर्सबाईंच्या इस्पितळातून तिघी आल्या होत्या, त्यातल्या दोघी सरळ रात्रपाळीवरून, गणवेशातच. जावईबापूंनी फोन प्रवचनाच्या मेजावर माइकशेजारी उभा केला आणि त्याची वायर ध्वनिक्षेपकाला जोडली. सावधकाकांनी येऊन ती वायर तपासली, तिला पाय अडकू नये म्हणून तिच्यावर पायपुसणं टाकलं. वायरीतून आधी खरखर आली, मग एक कोंबडा आरवला, मग एका बाईचा आवाज. विहीणबाई एकट्या नव्हत्या. शेजारपाजार गोळा झालेला असावा, कारण खुर्च्या सरकत होत्या आणि कोणीतरी कोणालातरी गप्प बस म्हणत होतं. ते सगळ्या भाषांत सारखंच ऐकू येतं.

बाप्तिस्मा झाला. पाळकसाहेबांनी पाणी ओतून बाळाचं नाव उच्चारलं तेव्हा ध्वनिक्षेपकातून विहीणबाईंनी "ओ" दिल्यासारखं काहीतरी केलं. नाव त्यांचंही तेच ना. सगळं चर्च हसलं. बाळ झोपलं होतं, ते झोपूनच राहिलं. सावधकाकांची बोटं हलली. साठ.

मग घोषणाबाई उठल्या. दोन्ही आज्यांनी विणलेली टोपडी, त्यातलं एक टपालाने आलेलं, बाळाच्या डोक्यावर एकावर एक घालून झाली होती, ती एकदा नीट करून त्या मेजापाशी गेल्या. फाइल उघडली. चष्मा लावला. आणि गाडी लागल्याची वर्दी द्यावी त्या आवाजात सुरुवात केली.

"हे देवा, पॅलेस्टिनी लोकांना न्याय दे आणि शांती दे."

फोनमधून एक श्वास ऐकू आला. सगळ्या चर्चला ऐकू आला. खुर्च्या थांबल्या.

तिसऱ्या बाकावर सावधकाकांनी मान वर केली.

"'पॅलेस्टिनी' हा शब्द काढावा," घोषणाबाईंनी त्याच आवाजात पुढे वाचलं. "नाव घेतल्यास वाद होतो."

आमच्याकडे प्रत्येक मागणीनंतर मंडळीने उत्तर द्यायचं असतं. मंडळीला चाळीस वर्षांची सवय. बाई थांबल्या की तोंडातून आपोआप येतं.

"प्रभो, आमची विनवणी ऐक," मंडळी म्हणाली.

"न्याय. मोठा विषय. पुढच्या सभेत पाहू."

"प्रभो, आमची विनवणी ऐक."

या खेपेला आवाज जरा विरळ झाला, कारण काही जण आपण काय म्हणालो याचा विचार करू लागले होते. फोनमधून मात्र विहीणबाईंनी 'पॅलेस्टिनी' हा शब्द परत उच्चारला, हळूच, कोणालातरी सांगावं तसा. पलीकडून आणखी दोन-तीन आवाजांनी तो घेतला.

"ज्यांची घरं पडली त्यांना घर दे. नुकसानीची पाहणी झालेली नाही, काढावे. ज्यांचे रस्ते अडवले त्यांना वाट दे. कोणी अडवले असे विचारतील, काढावे."

"प्रभो..." असं निम्मं चर्च म्हणालं. उरलेलं निम्मं सावधकाकांकडे बघत होतं. इस्पितळातल्या तिघी एकमेकींच्या खांद्यांत तोंडं खुपसून हलत होत्या. पाळकसाहेब छताकडे बघत होते, बहुधा तिथे उत्तर सापडलं असावं. मी माझे बूट बघत होतो. बूट चांगले होते.

"जैतुनाच्या झाडांपाशी झाडांच्या माणसांना जाऊ दे. ज्यांच्या हातात बंदूक आहे त्यांच्या मनातली भीती काढ, त्यांनाही घरी जाऊ दे. चर्चमध्ये शस्त्र नको. दोघांचीही मुलं म्हातारी होऊ देत. मुदत फार लांबची, तरी चालेल. एकूण: पॅलेस्टिनी हा उल्लेख वगळून मंजूर. सही." इथे त्यांनी सही वाचली, म्हणजे काकांचं पूर्ण नाव. "आमेन."

"आमेन!" फोनमधून डझनभर आवाज एकदम आले. तिकडच्यांना वाटलं, इथल्या लोकांनी त्यांच्यासाठी केवढी लांबलचक, बारकाईने प्रार्थना केली. एका माणसाचं तर पूर्ण नाव घेऊन.

सावधकाका उभे राहिले.

आता काय होणार ते मला माहीत होतं, म्हणजे मला तसं वाटलं. जावईबापू अर्धवट उठले. नर्सबाईंनी बाळ घट्ट धरलं. घोषणाबाई फाइल उघडी धरून मेजामागे ताठ उभ्या होत्या. कागद वाचताना जो आवाज कधी हलला नाही, त्या आवाजाची बाई आता काकांच्या एका वाक्यावर उभी होती. ते म्हणाले असते की हा चर्चचा अपमान आहे, तर फोन बंद करावा लागला असता.

काका चालत पुढे आले. पायपुसण्याखालची वायर जपून ओलांडली.

"वहिनी," ते म्हणाले. माइक चालू होता, त्यामुळे ते सगळ्यांनाच म्हणाले. "हे सगळं वाचलंत तुम्ही."

"कागदावर होतं, भाऊ."

"हो. होतं." त्यांनी कागद हातात घेतला, लांब धरून बघितला. "गुरुवारी मला वाटलं होतं, मी कागद दुरुस्त करतोय. आत्ता ऐकल्यावर कळलं. मी देवाला पुढच्या सभेची तारीख देत होतो." ते मंडळीकडे वळले. "ही अक्षरं माझी आहेत. कोणाला जायचं असेल तर दार उजव्या हाताला आहे. बाहेर उघडतं."

कोणी उठलं नाही. मागच्या बाकावरून आमच्यातल्या एका शिंप्याचा आवाज आला, "काका, आम्ही बसलोय. तुम्ही करा काय करायचं ते." कोणीतरी टाळी वाजवली, मग चर्चमध्ये वाजवू नये हे आठवून तिचं स्तुतीत रूपांतर केलं.

काकांनी खिशातून पेन काढलं. मला वाटलं, फाडतील कागद. पण छत्तीस वर्षं अशी फाटत नाहीत. त्यांनी कागद मेजावर ठेवला आणि पहिल्या रेघेशेजारी लिहिलं, 'ठेवावे.' खाली आद्याक्षरं. मग न्यायाशेजारी, 'ठेवावे.' आद्याक्षरं. सगळं चर्च वाट बघत होतं. माइकमधून पेनाची कुरकुर ऐकू येत होती. फोनमधून विहीणबाईंनी काहीतरी विचारलं.

"आई विचारते, काय चाललंय," जावईबापू म्हणाले.

"त्यांना सांगा, एक मिनिट," काका मान वर न करता म्हणाले. "घरं राहिलीत."

घरांपाशी त्यांनी 'ठेवावे'च्या पुढे आणखी दोन शब्द लिहिले, 'पाहणी झाली.' मग रस्ते, मग बंदूक, मग भीती. शेवटी, टिपा वाचू नयेत, असं ठळक लिहून खाली पूर्ण सही केली आणि तारीख घातली. कागद घोषणाबाईंपुढे सरकवला.

"आता कागदावर आहे," ते म्हणाले. "वाचा."

घोषणाबाईंनी वाचलं. पहिल्या शब्दापासून आमेनपर्यंत, मधे काही न गाळता, काही न घालता. गाड्यांचा आवाज त्यांनी बाजूला ठेवला होता. हा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता, घरात नातीला झोपवताना काढत असतील तो. मंडळीने प्रत्येक ओळीला उत्तर दिलं, साठांपैकी एकोणसाठ जणांनी, आणि झाडांच्या ओळीला तर दोनदा. बंदुकीच्या आणि भीतीच्या ओळीला पलीकडून एका म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज आला. तो काय म्हणाला ते जावईबापूंनी नंतर सांगितलं. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं होतं, कोणासाठी मागतायत आता? आणि जावईबापूंनी हळूच सांगितल्यावर म्हणाला होता, ठीक आहे, त्यांच्यासाठीपण.

आमेन झालं आणि मग ते झालं.

ध्वनिक्षेपकातून एक आवाज फुटला. जिभेने घंटा वाजवावी तसा, उंच, थरथरता, न थांबणारा. बाळ दचकून जागं झालं. एक नर्स बाकावरून अर्धी उठली. सावधकाकांनी आधी वायरीकडे बघितलं.

"घाबरू नका!" जावईबापू ओरडले. ते हसत होते आणि त्यांचे डोळे वाहत होते. "आई आहे ती! लग्नात करतात, बाप्तिस्म्याला करतात. आनंद झाला की करतात. हलू नका! ऐका!"

एकीचा झाला तर दुसरीने घेतला, मग सगळ्या शेजारणींनी. आमच्या चर्चच्या काचा वाजल्या. बाळ रडायला तोंड उघडून तसंच थांबलं आणि दोन टोपड्यांखालून ध्वनिक्षेपकाकडे बघत राहिलं. घोषणाबाईंनी माइक जवळ ओढला, जीभ हलवून बघितली आणि बस पंक्चर झाल्यासारखा आवाज काढला. पलीकडे हास्याचा स्फोट झाला. विहीणबाईंनी पुन्हा करून दाखवलं, सावकाश, शिकवण्यासाठी. घोषणाबाईंनी पुन्हा केलं. आता इस्पितळातल्या तिघीही त्यात आल्या. मग गायनवृंदातल्या बायका. चौथ्या खेपेला विहीणबाईंनी पसंतीचा एक शब्द उच्चारला, तो भाषांतर न करताही सगळ्यांना कळला.

उपासना तिथे संपायला हवी होती. पण विहीणबाई फोनवर भराभर बोलू लागल्या आणि जावईबापू पहिल्यांदाच सगळं सांगत राहिले.

"आई म्हणते, तुम्ही आमचं नाव घेतलं. आता तुमची नावं सांगा. संध्याकाळी आमच्या चर्चमध्ये प्रार्थना आहे. ती तुमची नावं वाचणार. सगळ्यांची. ओळीत या. एकेक. स्पष्ट बोला."

आम्ही लोकांसाठी मागणारे. आपल्यासाठी कोणी लांबचं मागेल, आणि तेही अशा घरातून, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. क्षणभर सगळे लाजले. मग शिंपी उठला, आणि पाठोपाठ रांग लागली. एकेकाने मेजापाशी यायचं, फोनजवळ तोंड नेऊन नाव सांगायचं. पलीकडून विहीणबाई ते परत म्हणायच्या, आपल्या वळणाने, आणि लिहून घ्यायच्या. पेन्सिल संपली, दुसरी आली. पाळकसाहेबांचं नाव त्यांना जमेना, तर त्यांनी त्याला दुसरं ठेवलं. ते पाळकसाहेबांना पहिल्यापेक्षा जास्त आवडलं.

मी माझं सांगितलं. इतक्या वर्षांत माझं नाव छापून आलेलं मी पुष्कळदा पाहिलं. ते दुसऱ्या देशातल्या एका आजीबाईंच्या तोंडून ऐकताना मात्र मला काही थट्टा सुचली नाही, म्हणून बाजूला झालो.

रांगेत सगळ्यांत शेवटी सावधकाका होते. त्यांनी सगळ्यांना मोजून पुढे घातलं होतं. ते फोनपुढे उभे राहिले, शर्टाचं वरचं बटण लावलं, आणि स्पष्ट आवाजात आपलं पूर्ण नाव सांगितलं. मग वडिलांचं नाव, वय, घर क्रमांक, मजला आणि शेजारच्या औषधाच्या दुकानाची खूण.

पलीकडून विहीणबाई एक वाक्य बोलल्या आणि तिकडचा सगळा शेजार हसला.

"काय म्हणाल्या?" काकांनी विचारलं.

"आई म्हणते, नाव लिहिलं," जावईबापू म्हणाले. "पत्ता नको. ती ज्याला देणार आहे त्याला तुमचं घर माहीत आहे."

सावधकाकांनी यावर नीट विचार केला. मग ते फोनकडे वाकले आणि म्हणाले, "बाई, तरी लिहून ठेवा. तुम्हाला लागेल. परवाना मिळाला की सरळ आमच्याकडेच यायचं."